विश्लेषण : ‘बरी झाली’ हे कोण ठरवणार? ‘द बेल जार’मधील एस्थरचा आजार आणि १९५३ची अमेरिका

शाळेच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग अनेकांना आठवत असेल. काचेची मोठी हंडी, तिच्या आत टांगलेली विजेची घंटा आणि खाली हवा खेचणारा पंप. पंप सुरू झाला की घंटेचा आवाज क्षीण होत जातो आणि शेवटी बंद होतो. घंटा मात्र वाजताना दिसत राहते. ध्वनीला माध्यम लागते, हे शिकवण्यासाठी ही हंडी वापरतात. इंग्रजीत तिला ‘बेल जार’ म्हणतात. अमेरिकी कवयित्री सिल्व्हिया प्लाथ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या एकमेव प्रकाशित कादंबरीला हेच नाव दिले. त्यांच्या हंडीतली हवा कोणी काढून घेतलेली नाही. ती आतच कोंडून आंबली आहे आणि १९ वर्षांची एक मुलगी तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेते आहे. बाहेरच्यांना ती स्पष्ट दिसते. ऐकू मात्र येत नाही.

साठ वर्षे उलटून गेली तरी ‘द बेल जार’ वाचली जाते, अभ्यासक्रमात लावली जाते. बहुतेकदा ती उलटीकडून वाचली जाते. लेखिकेचा शेवट कसा झाला हे वाचकाला आधीच ठाऊक असते, मग प्रत्येक पानावर त्याच शेवटाच्या खुणा शोधल्या जातात. प्रत्यक्षात ही एक मुलगी आजारी पडण्याची आणि बरी होण्याची गोष्ट आहे. अडचण अशी की, ‘बरी होणे’ म्हणजे काय हे तिच्या भोवतीच्या प्रत्येकाने तिला न विचारताच ठरवून ठेवले आहे.

कादंबरीत घडते काय?

बोस्टनजवळच्या उपनगरात वाढलेली एस्थर ग्रीनवुड हुशार आहे. वडील लहानपणीच गेलेले, आई शॉर्टहँड-टायपिंग शिकवून घर चालवते. एस्थर शिष्यवृत्तीवर महिला महाविद्यालयात शिकते, बक्षिसे मिळवते. १९५३च्या उन्हाळ्यात एका फॅशन मासिकाची स्पर्धा जिंकून ती इतर ११ मुलींबरोबर महिनाभरासाठी न्यूयॉर्कला येते. राहायला फक्त स्त्रियांसाठीचे हॉटेल, रोज मेजवान्या, भेटवस्तू, फोटो. कोणालाही हेवा वाटावा असा महिना. एस्थरला मात्र कशाचाच आनंद होत नाही, आणि आनंद होत नाही म्हणून तिला स्वतःचीच शरम वाटते.

त्याच महिन्यात, १९ जून १९५३ रोजी, सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या दाम्पत्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. कादंबरी सुरू होते ती याच बातमीने. शरीरातून वीज जाताना कसे वाटत असेल, हा विचार एस्थरच्या डोक्यातून जात नाही. (एथेल यांचे माहेरचे नाव ग्रीनग्लास होते. नायिकेचे आडनाव ग्रीनवुड असणे हा योगायोग नसावा, असे अनेक समीक्षकांना वाटते.) वीज पुढे तिच्याही वाट्याला येते.

घरी परतल्यावर कळते की उन्हाळी लेखनवर्गात तिला प्रवेश मिळालेला नाही. मग झोप जाते. वाचायला घेतले तर अक्षरे पानावर स्थिर राहत नाहीत. हाताने लिहायला गेली तर अक्षर लहान मुलासारखे वेडेवाकडे उमटते. तीन आठवडे ती केस धूत नाही, कपडे बदलत नाही. आज धुतले तर उद्या पुन्हा धुवावे लागतील, मग धुवायचे कशाला, हा तिचा हिशेब. नैराश्य म्हणजे रडत बसणे असा समज असलेल्यांनी ही पाने वाचावीत. तिच्या या हिशेबात तर्काची चूक सापडत नाही आणि म्हणूनच तो अंगावर येतो. पुढे आत्महत्येचा प्रयत्न, त्यातून वाचणे, सरकारी रुग्णालय, मग खासगी मनोरुग्णालय, उपचार आणि अखेर घरी सोडायचे की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळासमोरची मुलाखत, असा प्रवास आहे.

हे प्लाथ यांचेच आयुष्य आहे का?

बऱ्याच अंशी. जून १९५३ मध्ये ‘मादमुआझेल’ या मासिकाने निवडलेल्या २० पाहुण्या संपादिकांमध्ये प्लाथ होत्या. बार्बिझन हे स्त्रियांसाठीचे हॉटेल, हार्वर्डच्या उन्हाळी वर्गातून मिळालेला नकार, त्याच ऑगस्टमधील आत्महत्येचा प्रयत्न, बेलमाँटच्या मॅक्लीन रुग्णालयातील उपचार, हे सारे खरे. त्यांचे वडील ऑटो प्लाथ बोस्टन विद्यापीठात शिकवत आणि भुंग्यांचे अभ्यासक होते. सिल्व्हिया आठ वर्षांच्या असताना ते मधुमेहातील गुंतागुंतीमुळे गेले. आई ऑरेलिया यांनी शॉर्टहँड शिकवून दोन मुले वाढवली. आजारपणानंतर प्लाथ स्मिथ कॉलेजात परतल्या, १९५५ मध्ये उत्तम गुणांनी पदवीधर झाल्या, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या, १९५६ मध्ये कवी टेड ह्यूज यांच्याशी त्यांनी लग्न केले. म्हणजे कादंबरीतल्या घटना आणि कादंबरीचे लेखन यांच्यात आठ वर्षांचे अंतर आहे. १९६१ मध्ये लंडनमध्ये, घरात एक वर्षाची मुलगी असताना, त्यांनी ही कादंबरी लिहिली.

१४ जानेवारी १९६३ रोजी ती हाइनमन प्रकाशनातर्फे लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, ‘व्हिक्टोरिया लुकास’ या टोपणनावाने. बाईने आपल्या काळाबद्दल खरे लिहायचे तर नाव झाकावे लागते, हे मराठी वाचकाला नवे नाही. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर यांचेही खरे नाव वेगळे होते. प्लाथ यांची चिंता मुख्यतः आईची होती. पुस्तकातल्या माणसांना आपण ओळखू येऊ, हे त्यांना माहीत होते. कादंबरी आल्यानंतर महिन्याभराच्या आतच, ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी प्लाथ यांनी लंडनमध्ये आयुष्य संपवले. त्यांच्या खऱ्या नावाने कादंबरी ब्रिटनमध्ये १९६६ मध्ये आली, अमेरिकेत थेट १९७१ मध्ये. आईचा अमेरिकी आवृत्तीला ठाम विरोध होता. ज्यांनी सिल्व्हियावर माया केली त्यांचीच यात व्यंगचित्रे काढली आहेत, अशी त्यांची तक्रार होती. १९७५ मध्ये त्यांनी मुलीची पत्रे ‘लेटर्स होम’ या नावाने छापली. त्या पत्रांतली मुलगी हसरी, आज्ञाधारक, सतत यशाच्या बातम्या कळवणारी आहे. एस्थर जगाला जो चेहरा दाखवत होती, तो नेमका हाच.

मुलींकडून तेव्हा अपेक्षा तरी काय होत्या?

लग्न, आणि तेही लवकर. १९५०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकी मुलींचे पहिल्या लग्नाचे मध्यक वय २०च्या आसपास होते. म्हणजे कॉलेजात असलेल्या १९ वर्षांच्या मुलीच्या निम्म्या मैत्रिणींची पुढच्या एक-दीड वर्षात लग्ने होणार, असा तो काळ. प्लाथ यांच्या १९५५च्या पदवीदान समारंभाला प्रमुख वक्ते होते डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार राहिलेले ॲडलाय स्टीव्हन्सन. अमेरिकेतल्या सर्वांत हुशार मुलींसमोर त्यांनी भाषण केले ते पत्नी आणि आई या नात्याने त्या समाजावर कसा प्रभाव टाकू शकतील, यावर. स्टीव्हन्सन हे त्या काळातले उदारमतवादी नेते होते. विरोधक काय म्हणत असतील याची कल्पना करता येते.

कादंबरीत ही अपेक्षा भाषणातून येत नाही, वस्तूंतून येते. एस्थरचा मित्र बडी विलार्ड येल विद्यापीठात डॉक्टर होतो आहे. त्याची आई नवऱ्याच्या जुन्या सुटांच्या लोकरी पट्ट्या कापून, कित्येक आठवडे खपून एक सुंदर सतरंजी विणते. एस्थरला वाटते, ही भिंतीवर लावायला हवी. मिसेस विलार्ड ती स्वयंपाकघरात पायपुसण्याच्या जागी टाकतात. थोड्याच दिवसांत ती इतर कोणत्याही पायपुसण्यासारखी मळकट होते. या प्रसंगावर प्लाथ फार भाष्य करत नाहीत, करायची गरजही नाही.

आईचा आग्रह असतो की एस्थरने शॉर्टहँड शिकून घ्यावे. नुसत्या इंग्रजीच्या पदवीला कोण विचारतो, शॉर्टहँड आले तर हमखास नोकरी, हा व्यवहारी सल्ला. आपल्याकडेही एका पिढीतल्या मुलींनी टायपिंगच्या क्लासात तो ऐकला आहे. सल्ला वाईट नाही, त्यावरच त्या आईने घर उभे केले आहे. एस्थरची अडचण वेगळी आहे. शॉर्टहँड म्हणजे पुरुष सांगणार ते भराभर उतरवून घेणे. तिला सांगणारी व्हायचे आहे. बडीला खात्री आहे की मुले झाली की तिला कविता लिहावीशीच वाटणार नाही. त्याने हे धमकी म्हणून म्हटलेले नाही, माहिती म्हणून सांगितले आहे.

कादंबरीतले सर्वांत प्रसिद्ध चित्र अंजिराच्या झाडाचे आहे. प्रत्येक फांदीच्या टोकाला एकेक आयुष्य लटकते आहे : नवरा-मुले, कविता, प्राध्यापकी, संपादकी, प्रवास, प्रियकर. एक तोडले की बाकीची गेली. एस्थर ठरवू शकत नाही आणि बघता बघता अंजिरे काळी पडून खाली गळतात. आज समाजमाध्यमांवर हे चित्र ‘खूप पर्याय असल्याचा गोंधळ’ म्हणून फिरते. ते अपुरे वाचन आहे. बडीला डॉक्टर होणे आणि बाप होणे यातून एक निवडावे लागत नाही. झाडाची ही अट फक्त तिच्यासाठी आहे.

पावित्र्याचेही तेच. एस्थरने लग्नापर्यंत ‘शुद्ध’ राहावे अशी सर्वांची अपेक्षा. आई तिला तशा अर्थाचा एक लेख कापून पाठवते. बडीने मात्र हॉटेलातल्या एका वेट्रेसबरोबर अख्खा उन्हाळा काढलेला असतो. एस्थरला राग येतो तो त्या संबंधांचा नाही, आव आणण्याचा.

मग समाजानेच तिला आजारी केले का?

असे वाचणे सोपे आहे, आणि १९७०च्या दशकात अनेकांनी तसेच वाचले. पण पुस्तक तेवढे सरळ उत्तर देत नाही. हॉटेलातल्या बाकी ११ मुलींवरही तोच दबाव आहे. डोरीन तो बेफिकिरीने झुगारते, बेट्सी आनंदाने स्वीकारते, दोघीही आजारी पडत नाहीत. एस्थरचा आजार स्वतःच्या गतीने चालतो. झोप, भूक, एकाग्रता, हस्ताक्षर, एकेक करून निकामी होते. वडिलांच्या मृत्यूनंतर आपण कधी रडलोच नाही, हे तिला खूप वर्षांनी त्यांच्या थडग्याजवळ उमगते. याचे खापर कोणत्या मासिकावर फोडणार?

एका प्रसंगात बडी रुग्णालयात भेटायला येतो. त्याच्या आधीच्या मैत्रिणीलाही, जोन गिलिंगला, तिथेच दाखल केलेले आहे. आपल्यात असे काही आहे का, ज्याने मुली वेड्या होतात, असे तो घाबरून विचारतो. एस्थर हसते आणि तुझा काही संबंध नाही, असे त्याला पटवून देते. म्हणजे रुग्ण भेटायला आलेल्याला धीर देते! लगेच पुढे, निघण्याच्या बेतात असताना, बडी सहज बोलून जातो की आता तुझ्याशी लग्न कोण करणार, कोणास ठाऊक.

सगळे पुस्तक या दोन वाक्यांच्या फटीत मावते. आजार समाजाने दिला असे एस्थर म्हणत नाही. पण आजारी पडल्याची किंमत, बरे झाल्याची खूण आणि पुढची भीती, या तिन्हींचे माप लग्न हेच आहे. नैराश्य पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे ५० टक्के अधिक आढळते, असे जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. त्यामागे शरीर किती आणि परिस्थिती किती, याचा वाद अजून मिटलेला नाही. प्लाथ यांनी तो वाद सोडवायचा प्रयत्न केला नाही. रुग्णाच्या खाटेवरून तो कसा दिसतो, एवढे लिहिले.

तेव्हा उपचार कोणते होते?

फार थोडे. आज मानसोपचारात सर्रास वापरली जाणारी औषधे १९५३च्या उन्हाळ्यात अमेरिकी रुग्णांपर्यंत पोहोचलीच नव्हती. क्लोरप्रोमाझिन या पहिल्या प्रभावी औषधाला अमेरिकेत १९५४ मध्ये मान्यता मिळाली, नैराश्यावरची औषधे त्यानंतर काही वर्षांनी आली. त्याआधी मोठ्या रुग्णालयांकडे मुख्यतः तीन मार्ग होते आणि तिन्ही कादंबरीत आहेत.

पहिला इन्शुलिनचा. इंजेक्शनने रक्तातली साखर इतकी उतरवायची की रुग्ण बेशुद्धीपर्यंत जावा. एस्थरला दिवसातून तीनदा टोचतात. ती फुगते, बाकी फरक पडत नाही. उपचार निरुपयोगी ठरून पुढे बंदच झाला. दुसरा लोबोटॉमीचा, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातील जोडण्या शस्त्रक्रियेने तोडण्याचा. त्यासाठी पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना १९४९चे नोबेल मिळाले होते. कादंबरीतली व्हॅलरी आपल्या कपाळाच्या कडेचे व्रण एस्थरला दाखवते. पूर्वी सतत राग यायचा, आता येत नाही, असे सांगते. तिला तिथून बाहेर जायचीही इच्छा उरलेली नाही. रागीट मुलगी शांत झाली म्हणजे उपचार यशस्वी झाला, असे धरणारे त्या काळात कमी नव्हते. जॉन एफ. केनेडी यांची बहीण रोझमेरी यांच्यावर १९४१ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी हीच शस्त्रक्रिया झाली आणि त्या आयुष्यभर परावलंबी झाल्या.

तिसरा मार्ग विजेचा. मेंदूतून काही क्षण नियंत्रित विद्युतप्रवाह सोडून आकडी आणायची, ही पद्धत १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेरलेत्ती आणि लुचो बिनी यांनी पहिल्यांदा वापरली. सुरुवातीला ती रुग्ण पूर्ण जागा असताना, स्नायू सैल करणाऱ्या औषधाविना दिली जाई. झटक्यांनी हाडे मोडत. पुढे भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देण्याची रीत रुळली. चित्रपटांनी या उपचाराची जी प्रतिमा केली आहे ती बहुतांशी त्या जुन्या पद्धतीची. आज तीव्र नैराश्यात, विशेषतः औषधे चालत नाहीत तेव्हा, तो परिणामकारक मानला जातो. भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाशिवाय हा उपचार देण्यास बंदी आहे. (मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या मोफत सेवेवर कोणत्याही वेळी बोलता येते.)

यंत्र तेच, मग एकदा छळ आणि एकदा उपचार का?

‘द बेल जार’चा गाभा इथे आहे. एस्थरला विजेचा उपचार दोन डॉक्टर देतात.

पहिले डॉ. गॉर्डन. तरुण, देखणे. टेबलावर सुंदर पत्नी आणि मुलांचा फोटो, तोही असा ठेवलेला की समोर बसणाऱ्याला दिसावा. एस्थरने ठरवलेले असते की या माणसाला सगळे सांगायचे. ते तिचे कॉलेज कोणते एवढे विचारतात आणि युद्धकाळात तिथे असलेल्या लष्करातील मुलींची आठवण काढतात. काही भेटींनंतर, विजेचा उपचार करायचा, हा निर्णय आईला कळतो आणि आईकडून मुलीला. त्यांच्या दवाखान्यात तो दिला जातो तो भयंकर रीतीने. पूर्ण शुद्धीत, हाडे मोडून पडतील अशा हादऱ्यांनी. आपण असे काय केले की ही शिक्षा मिळावी, एवढाच विचार तिच्या मनात येतो. सुरुवातीची विजेची खुर्ची आठवते ती इथे. बाहेर पडल्यावर ती पुन्हा जाणार नाही म्हणते, तेव्हा आईला आनंद होतो. आपली मुलगी त्या ‘तसल्या’ लोकांसारखी नाही, ती बरे व्हायचे ठरवेल, याची तिला खात्री होतीच. पुस्तकातली ही सर्वांत क्रूर जागा आहे आणि तिथे कोणीही क्रूर नाही.

दुसऱ्या डॉ. नोलन. बाई डॉक्टर असतात हेच एस्थरला नवल वाटते. नोलन आधी काय झाले ते ऐकून घेतात आणि तो उपचार चुकीच्या रीतीने दिला गेला होता, असे स्पष्ट सांगतात. पुन्हा द्यायची वेळ आली तर आधी कळवण्याचे वचन देतात. एक दिवस सकाळी नाश्त्याचा ट्रे येत नाही. एस्थर समजून चुकते, ढसाढसा रडते ती विजेच्या भीतीने नव्हे, वचन मोडले म्हणून. नोलन येतात. रात्रभर झोप उडू नये म्हणून आदल्या दिवशी सांगितले नाही, स्वतः सांगायला आले आहे आणि सोबतही येणार आहे, म्हणतात. तशा येतातही. उपचारानंतर एस्थर जागी होते तेव्हा हंडी डोक्यावर काही फूट उचललेली असते. बाहेरची हवा लागते.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर बदललेला घटक कोणता? तंत्र नक्कीच सुधारलेले आहे, नोलन तसे सांगतातच. पण पानेच्या पाने प्लाथ विजेवर खर्च करत नाहीत, तर विश्वासावर करतात. कोणी विचारले, कोणी सांगितले, कोण सोबत थांबले.

नोलन यांच्याशी आणखी एक संवाद आहे. आईचा राग येतो, असे एस्थर एकदा बोलून जाते आणि आता रागावतील म्हणून थांबते. नोलन समाधानाने हसतात. व्हॅलरीचा राग काढून टाकण्यात आला होता, एस्थरला तो येऊ दिला जातो.

गर्भनिरोधकाचा प्रसंग इतका महत्त्वाचा का?

कारण औषधोपचाराइतकाच तोही उपचार म्हणून आलेला आहे. आपल्या डोक्यावर मुलाची टांगती तलवार असते, पुरुषाच्या डोक्यावर तसले काही नसते, अशी तक्रार एस्थर करते. नोलन उपदेश करत नाहीत, एका डॉक्टरांचे नाव देतात. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा गर्भनिरोधक साधने देणे कायद्याने गुन्हा होता. विवाहित जोडप्यांचा हक्क अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये मान्य केला. अविवाहितांसाठी १९७२ उजाडले आणि तो खटला मॅसॅच्युसेट्सच्याच कायद्याविरुद्धचा होता. म्हणजे कादंबरीतील १९५३-५४च्या डॉक्टरीणबाई रुग्णाला बरे करण्यासाठी कायद्याच्या पलीकडे जात आहेत.

पुढे अर्विन नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाबरोबरचा तिचा पहिला अनुभव रोमांचक अजिबात नाही. रक्तस्राव होऊन तिला रुग्णालयात न्यावे लागते. नंतर ती त्याला फोन करते, ते २० डॉलरचे बिल भरायला सांगण्यासाठी. पुन्हा कधी भेटशील, असे तो विचारतो. कधीच नाही, हे तिचे उत्तर.

प्रसिद्धीनंतर काय झाले?

ब्रिटनमधील सुरुवातीची परीक्षणे बरी होती, फार नाही. ‘न्यू स्टेट्समन’च्या परीक्षकाला जे. डी. सॅलिंजर यांची आठवण झाली. तुलना चुकीची नाही. ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) मधला होल्डन कोलफील्डही कोलमडतो आणि उपचाराच्या ठिकाणाहूनच गोष्ट सांगतो. पण होल्डनला मोठ्यांच्या जगात जायचे नसते, एस्थरला जायचे असते आणि तिच्यासाठी दार एकच उघडे असते. वयात येण्याच्या कादंबरीचा जुना साचा असा : मुलगा घर सोडतो, ठेचा खातो, शहाणा होऊन समाजात आपली जागा घेतो. मुलीची जागा आधीच ठरलेली असेल तर ती शहाणी होऊन जाणार कुठे?

प्लाथ यांच्या मृत्यूनंतर आठच दिवसांनी बेटी फ्रीडन यांचे ‘द फेमिनिन मिस्टीक’ अमेरिकेत आले. उपनगरातल्या सुखवस्तू गृहिणींच्या ‘नाव नसलेल्या’ दुखण्याबद्दलचे ते पुस्तक. फ्रीडनही स्मिथ कॉलेजच्याच. १९७१ मध्ये ‘द बेल जार’ अमेरिकेत पोहोचली तोवर स्त्रीमुक्ती चळवळ ऐन भरात होती आणि कादंबरी कित्येक आठवडे खपाच्या यादीत राहिली.

आक्षेप कोणते?

तीन, आणि तिन्ही खरे आहेत. पहिला वर्णाचा. रुग्णालयातल्या कृष्णवर्णीय कामगाराचे चित्रण, चेहऱ्यांची तुच्छतेने केलेली वर्णने आज वाचवत नाहीत. एस्थरला स्वतःवरचे शिक्के दिसतात, इतरांवर आपण मारलेले दिसत नाहीत.

दुसरा जोनबद्दलचा. जोनला स्त्रियांचे आकर्षण आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तेव्हा, म्हणजे १९७३ पर्यंत, तो आजारच गणला जाई. एस्थर तिला झिडकारते. पुढे जोनचा मृत्यू होतो, एस्थर जगते. एकीला बरे करण्यासाठी कादंबरीने दुसरीचा बळी दिला, असे वाटत राहते. १९७९ मध्ये आलेल्या चित्रपटावरून तर खटला झाला. जोनचे पात्र आपल्यावरून बेतले असून चित्रपटाने आपली बदनामी केली, असा एका मानसोपचारतज्ज्ञ महिलेचा दावा होता. १९८७ मध्ये दीड लाख डॉलरवर तडजोड झाली.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. एस्थरला डॉ. नोलन भेटतात त्या एका श्रीमंत कादंबरीकार बाईंनी बिल भरले म्हणून. प्लाथ यांच्याबाबतीत त्या बाई होत्या ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी, ज्यांच्या नावाची शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली होती. शहरातल्या सरकारी वॉर्डात एस्थर राहिली असती, तर तिला कोण भेटले असते, याचे उत्तर त्याच पुस्तकातली आधीची प्रकरणे देतात.

शेवटी एस्थर बरी होते का?

शेवटच्या प्रकरणात एस्थर लाल लोकरी सूट घालून मुलाखतीच्या खोलीबाहेर उभी आहे. हंडी पुन्हा कधी, कुठे खाली येईल, हे तिला सांगता येत नाही आणि ती तसे कबूल करते. दुसऱ्यांदा जन्म घेणाऱ्यासाठी काही विधी असायला हवा होता, असे तिला वाटते. लग्नाचा असतो तसा. पण आपले लग्न नाही, हेही तिच्या लक्षात आहे. उपमा सुचते ती रिमोल्ड करून पुन्हा रस्त्यावर आणलेल्या टायरची. आत डॉक्टर बसलेले आहेत, सगळे तिच्याकडे वळून पाहतात आणि ती पाऊल आत टाकते. मंडळाने काय ठरवले, ते पुस्तक सांगत नाही.

उत्तर हवे असेल तर पहिल्या प्रकरणात परत जावे लागते. न्यूयॉर्कमध्ये मिळालेल्या भेटवस्तू आपण पुढे कित्येक दिवस लपवून ठेवल्या होत्या, असे तिथे एस्थर सांगते. नंतर ‘पुन्हा ठीक झाल्यावर’ त्या बाहेर काढल्या, लिपस्टिक अजून वापरते. गॉगलच्या कव्हरवर प्लास्टिकचा एक तारामासा होता, तो गेल्याच आठवड्यात कापून काढला. बाळाला खेळायला दिला.